छ्यौचा हिशेब : चिनी बोलण्यातला आणि कवितेतला एक ऋतू



आजच्या विषयाची सुरुवात आमच्या एका फजितीपासून करू. आम्ही तिघं गेली काही वर्षं जुन्या चिनी कवितांची मराठी भाषांतरं करतो आहोत. शेजारी मूळ चिनी अक्षरं, समोर दोन-तीन इंग्रजी भाषांतरं, मांडीवर कोश, अशी आमची पद्धत. मागच्या वर्षी एका छोट्या बैठकीत त्यातल्या काही कविता वाचून दाखवल्या. सगळ्या शरद ऋतूच्या. पिवळी पानं, थंड वारा, परदेशी अडकलेला कवी, असं सगळं. वाचन संपलं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतल्या एक बाई उठून म्हणाल्या, "कविता छान आहेत हो, पण शरदात पानं कुठं गळतात? आमच्याकडं तर तेव्हा सोयाबीन काढायची घाई असते."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. चिनी शब्द आहे 'छ्यौ'. इंग्रजीत त्याचा 'ऑटम' होतो, आणि ऑटमला आपण शाळेपासून शरद म्हणत आलो, म्हणून आम्ही शरद लिहिलं. आता आपला शरद म्हणजे काय? आश्विन-कार्तिक. पाऊस ओसरलेला, आभाळ धुतलेलं, कोजागिरीचं दूध. पानगळ आपल्याकडे शिशिरात. म्हणजे आम्ही मराठी वाचकाला कोजागिरीच्या चांदण्यात बसवून सांगत होतो, की रडा.

मग कॅलेंडर काढून बसलो. चिनी पंचांगात सातवा, आठवा, नववा हे तीन चांद्रमास छ्यौचे. अधिक महिन्यामुळे कधी मागेपुढे होतं ते सोडा, पण एरवी त्यांचा पहिला महिना म्हणजे आपला माघ. मोजत या. सातवा येतो श्रावण, आठवा भाद्रपद, नववा आश्विन. त्यांची प्रसिद्ध मध्य-शरद पौर्णिमा, चंद्राच्या आकाराच्या गोड वड्या खाण्याची, ती साधारणपणे आपली भाद्रपदी पौर्णिमा. कोजागिरी त्यानंतर महिन्याने. सूर्यावरून मोजलेल्या चोवीस पर्वांमध्ये तर छ्यौ ७-८ ऑगस्टच्या सुमारास लागतो. उकाडा तेव्हा सरलेला नसतोच. सुरुवातीनंतर पुन्हा उसळणाऱ्या त्या उन्हाला चिनी माणूस 'छ्यौ लाव हू' म्हणतो, म्हणजे छ्यौचा वाघ. आपल्या ऑक्टोबर हीटला असं जनावराचं नाव कुणी दिलं नाही याचं वाईट वाटतं.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की छ्यौ म्हणजे शरद नव्हे. पण हा नुसता महिन्यांचा घोळ असता, तर तळटीप देऊन सुटलो असतो. आमच्या लक्षात आलं ते वेगळंच. चुकीच्या ऋतूबरोबर आम्ही चुकीची भावनाही आणली होती.

चिनी छ्यौ म्हणजे उदासी, हे जवळजवळ पाठ झालेलं समीकरण आहे. त्याच्या समर्थनार्थ एक अक्षर नेहमी दाखवलं जातं. छ्यौच्या अक्षराखाली 'हृदय' लिहिलं की 'छौ' होतं, म्हणजे दुःख, काळजी. हृदयावर आलेला छ्यौ म्हणजे दुःख! ऐकायला फार सुंदर. आम्हीही हे दोन-तीन ठिकाणी सांगून वाहवा मिळवली आहे. पण चिनी लिपीत बहुतेक अक्षरं अर्थाचा एक तुकडा आणि उच्चाराचा एक तुकडा जोडून होतात. इथे हृदय अर्थासाठी आहे, छ्यौ मुख्यतः उच्चारासाठी. छ्यौ, छौ, आपल्या कानालाही जवळचे वाटतात ना? कवींनी त्यातून श्लेष काढला तो त्यांचा हक्क. समीक्षकाने त्याला पुरावा मानू नये.

खुद्द छ्यौचं अक्षर बघा. एका बाजूला धान्याचं रोप, दुसऱ्या बाजूला आग. हाडांवर कोरलेल्या सगळ्यांत जुन्या लिपीत तर तिथे एक किडा दिसतो. कुणी त्याला रातकिडा म्हणतात, कुणी टोळ. रोप, आग, किडा. यात उदासी कुठे आहे? हे शेत आहे.

म्हणून आम्ही कविता बाजूला ठेवल्या आणि बोलण्यातला छ्यौ शोधायला लागलो. चिनी भाषेत चार-चार अक्षरांची ठाशीव वचनं असतात, आपल्या म्हणी आणि वाक्प्रचार यांच्या मधली काहीतरी जात. ती पेपरात, भांडणात, क्रिकेटसारख्या त्यांच्या खेळांच्या समालोचनात, सगळीकडे येतात. दोन संघ बरोबरीत सुटले, तर 'छ्यौचा रंग सारखा वाटून घेतला' असं म्हणतात. यातलं एक सगळ्यांना ठाऊक असतं : 'यी ये जी छ्यौ', एका पानावरून छ्यौ कळतो. आम्ही ते हळवं समजत होतो. पण त्याचं मूळ जिथे सांगितलं जातं, तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला 'ह्वायनानझी' हा ग्रंथ, तिथे पानाशेजारीच भांड्यात धरलेला बर्फ आहे. पान गळलं की वर्ष संपत आलं, भांड्यातलं पाणी गोठलं की जगात थंडी पडली. म्हणजे हा तर्काचा धडा आहे. आपल्याकडचं जवळचं काय? शितावरून भाताची परीक्षा. एक फरक मात्र आहे. शीत सांगतं ते आत्ता भांड्यात काय आहे ते. पान सांगतं ते अजून आलेलं नाही त्याबद्दल, आणि जे येणार ते टळणारं नाही.

दुसरं वचन 'छ्यौ हौ स्वान जांग'. छ्यौनंतर हिशेब. मूळ साधं आहे : पीक घरात आलं की वर्षभराची देणी-घेणी मिटवायची. आपल्या गावगाड्यात खळ्यावर बलुतेदार आपापला वाटा घ्यायला यायचे, सावकारही यायचा. 'सुगीवर देतो' हे आश्वासन अजून पूर्ण विसरलेलं नाही. खेड्यातल्या मराठी माणसाला या वचनाला टीप लागणार नाही. पण चिनीत आज ते बहुधा धमकीसारखं वापरतात. आत्ता गप्प बसू, गडबड शमली की एकेकाला बघून घेऊ. विसाव्या शतकातल्या राजकीय मोहिमांनंतर तर या चार अक्षरांना चांगलाच काटा आला. 'आत्ता मोकळेपणी बोला, छ्यौनंतर हिशेब करणार नाही' असं वरून सांगितलं जातं, तेव्हा ऐकणारा काय समजायचं ते समजतो.

त्याच शेतातला टोळही आहे. 'छ्यौनंतरचा टोळ' म्हणून बोलणारा थांबतो, आणि पुढचं ऐकणाऱ्याने भरायचं असतं, की आता उड्या मारायचे दिवस किती राहिले! माज चढलेल्या माणसाविषयी बोलतात. टोळाची कणव कुणाला नाही.

इथून आम्हाला एक धागा हाताला लागला. छ्यौ हा दुःखाचा ऋतू नसून मोजणीचा ऋतू आहे, असं आम्ही म्हणू लागलो. काय पिकलं, काय उरलं, कुणाचं किती देणं, कोण अजून किती दिवस. एक जुनी रीत सांगतात : उन्हाळा लागताना माणसांना तराजूत बसवून वजन करायचं, छ्यौ लागला की पुन्हा करायचं, आणि जितकं घटलं तितकं मांस खाऊन भरून काढायचं. आपल्या भाषेत, उन्हाळ्याने शरीरातून किती कापून नेलं याची पावती.

मोजणीला बारीक नजर लागते, तर तीही छ्यौचीच. जनावरांच्या अंगावर या दिवसांत नवी लव येते, फार तलम. तिला 'छ्यौ हाव' म्हणतात. तिचं टोक दिसणारा माणूस म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. मेन्शियस छी राज्याच्या राजाला विचारतो, ते याच लवेवरून : एखादा म्हणाला, मला लवेचं टोक दिसतं पण गाडीभर सरपण दिसत नाही, तर तुम्ही ऐकून घ्याल का? राजाला बैलाची दया आली होती आणि प्रजेची येत नव्हती, म्हणून हा टोला. आणि शिस्तीचं सैन्य गावातून गेलं, कुणाच्या वस्तूला हात लागला नाही, तर 'छ्यौच्या लवेलाही धक्का नाही' म्हणायचं. इथे भाषांतर करताना आम्ही क्षणभरही थांबलो नाही. शिवछत्रपतींच्या नावाशी जोडलेला भाजीचा देठ मराठीत तयारच होता.

आता मोजणी म्हटली की मोजणारा आला. इथे सरकार येतं, आणि आम्हाला वाटतं, इंग्रजीतून चिनी कविता वाचताना आपल्याला सगळ्यांत कमी दिसतं ते हेच.

जुन्या चिनी विश्वरचनेत छ्यौची दिशा पश्चिम, रंग पांढरा, तत्त्व धातू. धातू म्हणजे विळाही आणि तलवारही. 'चौ राजवटीचे विधी' या ग्रंथात खात्यांना ऋतूंची नावं आहेत, आणि दंडाचं खातं ज्याच्याकडे तो 'छ्यौ-अधिकारी'. निसर्ग वसंतात वाढवतो आणि छ्यौमध्ये मारतो, म्हणून राज्यानेही तसंच करावं. हान काळापासून देहान्ताची शिक्षा छ्यौ आणि हिवाळ्यात देण्याचा दंडक पडला. छिंग काळात याची मोठी यंत्रणा झाली. देशभरातल्या मृत्युदंडाच्या कागदांची दरवर्षी छ्यौमध्ये राजधानीत फेरतपासणी व्हायची. अंतिम यादी बादशहासमोर जायची आणि तो नावांवर लाल शाईने खुणा करायचा. खूण झाली की संपलं.

पण त्याच तपासणीत इतरही रकाने होते. शिक्षा पुढच्या वर्षावर ढकलावी असे. दया दाखवावी असे. आणि एक रकाना असा, की हा कैदी म्हाताऱ्या आईबापांचा एकुलता आधार आहे, याला सोडा. म्हणजे तुरुंगातला माणूस छ्यौची वाट बघायचा ती मरणाची म्हणून, आणि सुटकेचीही म्हणून. हे एकदा कळल्यावर, गळणाऱ्या पानाकडे बघणाऱ्या चिनी माणसाच्या मनात फक्त हळवेपणा असेल, हे मानायला आमचं मन तयार होईना.

सीमेवरचा छ्यौ आणखी वेगळा. स्वच्छ, उंच आभाळाला 'छ्यौ काव छी श्वांग' म्हणतात. आज हे शाळेच्या निबंधात आणि हवामानाच्या बातमीत, सहलीला जा अशा सुरात येतं. पण उंच छ्यौच्या शेजारी जुन्या भाषेत पुष्ट घोडे असायचे. उन्हाळाभर गवत खाल्लेले उत्तरेच्या भटक्या टोळ्यांचे घोडे. आभाळ निवळलं, घोडे माजले, आता स्वाऱ्या येणार. थांग काळात पश्चिम सीमेवर दरवर्षी या दिवसांत पाठवायच्या फौजेला नावच 'छ्यौ-बंदोबस्त' होतं. गंमत म्हणजे, हेच घोडे समुद्र ओलांडून जपानला गेले आणि तिथल्या म्हणीत भूक लागण्याच्या, खाण्यापिण्याच्या सुखी दिवसांची खूण झाले. जपानच्या सीमेवर टोळ्या नव्हत्या, इतकंच.

म्हणूनच छ्यौचा एक अर्थ 'आणीबाणीची वेळ' असा झाला. धामधुमीच्या काळाला 'बहु घटनांचा छ्यौ' म्हणतात, मग महिना कोणताही असो. 227 साली स्वारीवर निघताना प्रधान जूगे ल्यांगने तरुण राजाला लिहिलेलं निवेदन चिनी मुलं शाळेत शिकतात. राज्य टिकतं की बुडतं अशी ही वेळ आहे हे सांगताना तो 'वेळ' या अर्थी छ्यौच लिहितो. आमच्या एका कच्च्या मसुद्यात तिथेही शरद होता. हसू नका.

आणि 'वसंत-छ्यौ' म्हणजे इतिहास. लू राज्याच्या बखरीचं ते नाव, परंपरा ती कन्फ्यूशियसच्या हातची मानते, आणि तिच्या शब्दाशब्दांत स्तुती आणि दोष दडले आहेत असं समजते. तोंडाने काही न बोलता मनात प्रत्येकाचा निवाडा करून ठेवणाऱ्या माणसाला म्हणतात, याच्या 'कातडीच्या आत वसंत-छ्यौ' आहे. आपल्या ओळखीचे असे एक-दोघं असतातच.

हे सगळं घेऊन आपण परत कवितेकडे जाऊ.

छ्यौच्या उदासीचा आद्य कवी म्हणून सोंग यूचं नाव घेतात, 'च्यू प्येन' ही त्याची रचना. झाडं झडतात, वारा सुटतो, सगळं आहे. पण बोलणारा कोण आहे? नोकरी गेलेला गरीब विद्वान. त्याला पान गळाल्याचं दुःख नाही. वर्ष संपत आलं आणि आपल्या पदरात काही पडलं नाही, हे दुःख आहे. आम्ही हे त्या सोयाबीनवाल्या बाईंना सांगितलं. त्यांच्याशी आता चांगली ओळख झाली आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे सुगीत खळं रिकामं असलेला माणूस." आम्ही तीन वर्षं जे शोधत होतो, ते त्यांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं.

तू फूची 'छ्यौ शिंग' ही आठ कवितांची माळ 766 सालची. आन लूशानचं बंड 755 ते 763 चाललं, देश उद्ध्वस्त झाला, आणि कवी यांगत्सेकाठी क्वेइजौला अडकला आहे, आजारी, राजधानीपासून लांब. संध्याकाळी गावात थंडीच्या कपड्यांचं कापड कुटल्याचा आवाज येतो. या कविता निसर्गकविता म्हणून छापल्या जातात. पण तिसरी कविता नीट वाचा. तो हान काळातल्या दोन विद्वान मंत्र्यांशी स्वतःला ताडून बघतो : एकाला यश आलं, मला नाही; दुसऱ्याने ग्रंथ सांभाळले, माझा बेत फसला. आणि मग आठवतात शाळासोबती. बहुतेक सगळे मार्गी लागले, राजधानीजवळ उंची कपडे, तगडे घोडे. शाळेच्या ग्रुपवर वर्गमित्राचा नवा बंगला बघून ज्याच्या पोटात कधी कालवलं असेल, त्याला तू फूचं दुःख समजावून सांगावं लागणार नाही. हा जमाखर्च आहे. आमच्या भाषांतरात तो 'विरहाच्या' धुक्यात हरवला होता, आणि त्यात दोष तू फूचा नव्हता.

ओउयांग श्यू तर उघडच सांगतो. 1059 साली त्याने 'छ्यौचा आवाज' हे गद्यकाव्य लिहिलं. पन्नाशी ओलांडलेला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस रात्री वाचत बसलाय, बाहेर आवाज येतो, तो नोकर पोराला बघायला पाठवतो. पोरगा येऊन सांगतो, माणूसबिणूस कुणी नाही, झाडांत आवाज आहे. मग हा समजावू लागतो, की छ्यौ हा दंडाधिकारी आहे, छ्यौ हे शस्त्र आहे. झाडाझुडपांना भावना नाहीत तरी ती झडतात, मग काळज्यांनी पोखरलेल्या माणसाचं काय? भाषण रंगात येतं, आणि बघतो तर पोरगा झोपलाय. हा शेवट आम्हाला फार आवडतो. त्या पोराचा कुठलाच हिशेब थकलेला नाही.

ल्यू यूशीने मात्र उलटा सूर लावला : छ्यौ वसंतापेक्षा सरस, निळ्या आभाळात क्रौंच चढतो तसं मन चढतं. 805 नंतर हद्दपारी भोगलेला माणूस हे म्हणतो, म्हणून त्याचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण आम्हाला त्या आनंदात थोडी फुशारी ऐकू येते. तुम्ही केलेला हिशेब मला मान्य नाही, असं वरच्यांना सांगणं. पाठ्यपुस्तकं त्याला 'आशावादी' म्हणून मोकळी होतात.

आता एक कबुली. सगळाच छ्यौ आमच्या सूत्रात बसत नाही. डोळ्यांना 'छ्यौचं पाणी' म्हणतात, वाट पाहून डोळे शिणले तर 'छ्यौचं पाणी आरपार झालं' म्हणतात. नेत्रकटाक्ष म्हणजे 'छ्यौची लाट'. ती चोरून पाठवणं हा वाक्प्रचार आता दोन पक्षांच्या छुप्या युतीलाही टोमणा म्हणून लावतात. इथे मोजणी नाही, नुसती पाण्याची नितळ झळाळी आहे. आणि च्वांगत्सूच्या ग्रंथात 'छ्यौचं पाणी' याच नावाचं प्रकरण आहे, तिथे तर ते नितळही नाही. शंभर ओढे मिळून फुगलेली पिवळी नदी आहे, आणि समुद्र बघेपर्यंत तिच्या देवाला वाटतं जगात आपणच मोठे. भाद्रपदातला पूर पाहिलेल्याला हे पटेल. सूत्रात बसवण्यासाठी ओढाताण करण्यापेक्षा हे तसंच सोडून देऊ.

पंख्यापाशी मात्र थांबलंच पाहिजे. 'छ्यौ शान', छ्यौमधला पंखा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या हान सम्राट छंगची राणी बान, दरबारात नव्या सुंदरी आल्यावर मागे पडली आणि राजमातेच्या सेवेत निघून गेली. तिच्या नावावर एक छोटी कविता आहे. ती तिचीच का याबद्दल विद्वानांना शंका आहे, पण वाक्प्रचाराला त्याचं काही नाही. पांढऱ्या रेशमाचा गोल पंखा मालकाच्या बाहीत असतो, आणि त्याला भीती असते, की गार वारा सुटला की आपण पेटीत जाणार. आम्ही याला झटकन 'गरज सरो वैद्य मरो' लावलं होतं. चूक. आपल्या म्हणीत कृतघ्न माणूस आहे, त्याच्यावर राग आहे. पंख्याच्या गोष्टीत दोषी कुणीच नाही. मालक वाईट नाही, पंखा फाटलेला नाही, हवा बदलली. आणि कविता टाकून दिल्यावरची नाहीच, आधीची आहे. उकाडा चालू आहे, पंखा अजून हातात आहे, आणि तारीख ठाऊक आहे. मराठीत याला म्हण नाही. आम्ही आता 'पेटीतला पंखा' एवढंच ठेवलंय.

शेवटी एक आडनाव. छ्यौ जिन. छ्यौ हे तिचं घराण्याचं नाव, याच अक्षराचं. जपानला शिकून आलेली, स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी, छिंग सत्तेविरुद्ध उठाव जुळवणारी. 15 जुलै 1907 ला शाओशिंगमध्ये तिचा शिरच्छेद झाला. कबुलीजबाब मागितला तेव्हा तिने छ्यौच्या वाऱ्यापावसाची एकच ओळ लिहून दिली असं सांगतात, आणि तीसुद्धा एका जुन्या कवीची. त्या ओळीत आडनाव, ऋतू आणि दुःख एकत्र येतात म्हणून ती अजरामर झाली. पण तारीख बघा. जुलै, चांद्र सहावा महिना, ऐन उन्हाळा. छ्यौ लागायला तीन आठवडे होते. साध्या खुन्याचे कागद छ्यौच्या तपासणीला जायचे, एखाद्या रकान्यात अडकून तो वाचायचाही. बंडखोराला ती सोय नव्हती. सरकारने छ्यौची वाट पाहिली नाही, तो तिने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिला.

आमचं पुस्तक आता शेवटच्या मुद्रितांत आहे. 'शरद' जवळपास सगळीकडून गेला. जिथे वर्षं मोजायची तिथे फक्त ठेवला, कारण त्यांचे 'हजार छ्यौ' आणि आपल्या आशीर्वादातले शंभर शरद एकाच मापाने मोजलेले आहेत. तू फूच्या माळेच्या शीर्षकावर मात्र अजून एकमत नाही. दोघांना 'सुगी सरताना' हवं आहे, एकाला नुसतं 'छ्यौ'. छापखान्याने आठ दिवस दिलेत. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल, तर प्रश्नोत्तरांच्या आधी तेच सांगा.